मिळून गाण्याचा हिशेब

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. पंचवीस वर्षांचा आढावा तुम्हीच घ्या, पंधरा-वीस मिनिटं." मी म्हटलं, आढावा अहवालात छापलेला आहे. त्याखाली ऑडिटरची सही आहे, सिंकिंग फंड शाबूत आहे, लिफ्ट बदलली त्याचे पैसे फिटले आहेत. तेच मी इथे वाचून दाखवलं तर ही पुढची मुलं बटाटेवड्याच्या वासाने उठून जातील, आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे वडीलही. म्हणून आज ताळेबंदात न बसणाऱ्या एका खात्याबद्दल बोलणार आहे. ते खातं आपल्या सगळ्यांचं जॉइंट खातं आहे, आणि बरीच वर्षं त्यात कोणी भर घातलेली नाही. ते म्हणजे आपलं मिळून गाणं.

निमित्त सांगतो. गेल्या डिसेंबरात दादरला समूहगान बसवणाऱ्या मंडळींचं दोन दिवसांचं संमेलन होतं. शाळांचे संगीतशिक्षक होते, भजनी मंडळांचे बुवा होते, चर्चमधल्या कॉयरचे प्रमुख होते, शाहिरी पथकं चालवणारे होते, महिला मंडळांच्या ताई होत्या. असे साठ-सत्तर जण. आपल्या गच्चीवर एकादशीचं भजन होतं त्याची पेटी माझ्याकडे आहे, एवढ्या भांडवलावर मीही नाव नोंदवलं. घरी सांगितलं, "मी कंडक्टरांच्या संमेलनाला चाललोय." तर नातू म्हणतो, "आजोबा, बेस्टच्या?"

सगळे हसले. पण मंडळी, दोन दिवस तिथे बसल्यावर मला वाटायला लागलं की पोराचा प्रश्न काही अगदीच वाया गेलेला नव्हता. त्याच्याकडे मी नंतर येतो.

आधी शब्दांचं पाहू. पाश्चात्त्य पद्धतीच्या कॉयरमध्ये एकाच वेळी चार प्रकारचे आवाज चार वेगवेगळ्या चालींनी चालतात. बायकांचे उंच आणि खालचे, पुरुषांचे उंच आणि खालचे. त्यांची नावं सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. चारही मिळून एक गाणं होतं. आपल्याकडे भजनात, आरतीत, पोवाड्यात सगळे एकच चाल गातात. शाहीर पुढे आणि त्याचं पद उचलून धरणारे झीलकरी मागे. भजनात बुवा पुढे आणि टाळकरी मागे. रीत वेगळी, पण अडचण दोन्हीकडे एकच. पन्नास माणसांचा एक आवाज करायचा कसा?

या विषयात आपण गिरगावकर काही पाहुणे नाही. आपल्या बिल्डिंगच्या गेटातून बाहेर पडून पायी फिरून यावं एवढ्या टापूत या गोष्टीचा मोठा इतिहास पडलेला आहे. १८६७ साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. एकत्र बसून प्रार्थना करायची, एकत्र पदं म्हणायची, ही त्यांची उपासनेची रीत. आज आपल्याला 'प्रार्थना समाज' म्हटलं की बसस्टॉप आठवतो, ते वेगळं. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला आणि त्या काळापासून गणेशोत्सवात मेळे निघू लागले. मेळा म्हणजे काय? एका आळीतली पोरं एका पोशाखात उभी राहून एका सुरात पदं म्हणतात तो मेळा. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि १९०८ साली ते मुंबईत आणलं. सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल रस्त्यावर, त्याची इमारत उभी राहिली. पुढे कर्जापायी ती हातची गेली. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ती गोष्ट वाचताना चुटपुट लागते. पण गाणं हे चार भिंतींतल्या चार शौकिनांचं नाही, वर्गात बसून कोणालाही शिकता येतं, हे पलुस्करांनी दाखवलं ते कोणाला जप्त करता आलं नाही. त्यांचेच शिष्य प्रोफेसर देवधर यांनी १९२५ साली आपली संगीतशाळा काढली. ऑपेरा हाउसजवळ मोदी चेंबर्समध्ये ती नांदली, आणि देवधर मास्तरांच्याच हाताखाली कुमार गंधर्व तयार झाले. १९४३ च्या मे महिन्यात इप्टाची स्थापना झाली तीही याच बाजूला, मारवाडी विद्यालयात. समूहगीत हे त्या चळवळीचं मोठं हत्यार होतं.

तेव्हा मिळून गाणं ही गिरगावात बाहेरून आलेली वस्तू नाही. ती इथे रस्त्यावर, चाळीत आणि शाळेत वाढलेली आहे.

आता संमेलनाकडे येतो. पहिल्या सकाळी एका शिक्षिकाबाईंनी आम्हा सगळ्यांना प्रश्न केला, "गाणं बसवताना तुमचं सगळ्यात महत्त्वाचं काम कोणतं?" कोणी म्हणालं सूर देणं, कोणी म्हणालं ताल धरणं. एक बुवा म्हणाले, माणसं जमवणं. त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, "ऐकणं. गाणाऱ्या प्रत्येकाला फक्त आजूबाजूचे दोघेतिघे ऐकू येतात. सगळं मिळून कसं लागतंय हे ज्याला ऐकू यावं असा माणूस एकच असतो. त्यानेच गळा काढला तर तोही उरला नाही."

मग त्यांनी आमच्याकडून एक सोपी गोष्ट करून घेतली. सगळ्यांनी उभं राहून नुसता 'सा' लावायचा. अट एकच, आपल्या डावी-उजवीकडच्या माणसाचा आवाज आपल्याला ऐकू आला पाहिजे. येत नसेल तर आपला आवाज मोठा झाला, तो कमी करायचा. सुरुवातीला नुसता गोंगाट होता. साठ-सत्तर पुढारी एका खोलीत, दुसरं काय होणार? पण हळूहळू एकेकजण खाली यायला लागला, आणि दोन-तीन मिनिटांनी तो 'सा' असा काही लागला की हॉलच्या दाराशी चहाचे कप घेऊन आलेला मुलगा जागच्या जागी थांबला. आवाज कमी झाला होता आणि गाणं मोठं झालं होतं. हे मी कागदावर सिद्ध करून दाखवू शकणार नाही. तुम्ही घरी चारजण उभे राहून करून पाहा.

दुसरी गोष्ट हाताची. कंडक्टर हात कशाला हलवतो? मला आपलं वाटे, रुबाब. त्याचा खुलासा तिथे झाला, आणि तो साधा हिशेब आहे. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. शिवाजी पार्कसारख्या मैदानावर मुलं उभी केली, आणि पुढच्या रांगेपासून शेवटची रांग १७० मीटर लांब असली, तर पुढच्यांचा आवाज मागे पोचायला अर्धा सेकंद लागतो. आरतीच्या लयीत अर्धा सेकंद म्हणजे जवळजवळ एक अख्खी टाळी. मागचा मुलगा कानावर भरवसा ठेवून गायला की तो एक टाळी मागे पडलाच. हात मात्र सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. म्हणून हजारोंकडून गाऊन घ्यायचं तर कानाबरोबर डोळाही लागतो.

इथे मला वसंत देसाईंची आठवण काढलीच पाहिजे. आमच्या पिढीला ते 'श्यामची आई', 'दो आँखें बारह हाथ' यांचे संगीतकार म्हणून माहीत. १९६६ साली संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी जी संस्कृत प्रार्थना गायली तिची चालही त्यांचीच. पण या मोठ्या माणसाने महाराष्ट्रातल्या शाळांतल्या मुलांना एकत्र गायला शिकवण्यासाठी आपली किती वर्षं घातली, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. 'एक सूर, एक ताल' हे त्या कामाचं ब्रीद. हजारो मुलं एका मैदानावर, आणि समोर उंचावर उभा एक माणूस. सिनेमाच्या गाण्यासाठी निवडक गळे मिळतात. मैदानात मिळतील ती मुलं घ्यावी लागतात. त्यात बेसूर असतात, लाजणारी असतात, नुसते ओठ हलवणारी असतात. त्या सगळ्यांना घेऊन त्यांनी गाणं उभं केलं. १९७५ च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात ते गेले. त्यांनी गाऊन घेतलेली मुलं आज साठी-सत्तरीची आहेत. या सभागृहातही त्यातली काही असतील.

तिसरी गोष्ट थांबवण्याची. गाणं सुरू करणं सोपं, सगळ्यांना एका क्षणी थांबवणं अवघड. एका बुवांनी आळंदीच्या पालखीतल्या समाजआरतीचं वर्णन केलं. तुमच्यापैकी जे वारीला गेले असतील त्यांनी ते पाहिलं असेल. मुक्कामाला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. हजारो टाळ आणि शेकडो मृदंग एकदम चाललेले असतात. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार आपला दंड वर करतात आणि क्षणात सगळं शांत होतं. माइक नाही, शिट्टी नाही. आणि खरी गंमत तर त्याच्या पुढे आहे. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी आपले टाळ थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जातात, तक्रार ऐकून घेतात, निवाडा होतो आणि मग आरती. मी ते ऐकलं आणि मला आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आठवली. आपल्याकडे सगळ्यांचे टाळ एकदम वाजत असतात, त्यामुळे खरी तक्रार कोणाची आहे ते चोपदाराला कळतच नाही!

चोपदाराच्या दंडावरून कॉयरवाल्या एका गृहस्थांनी युरोपातली गोष्ट सांगितली. तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी फ्रान्सच्या राजदरबारी ल्युली नावाचा मोठा संगीतकार होता. त्या काळी संचालक हातात छोटी काडी घेत नसे. भलामोठा दंड जमिनीवर आपटून ताल देई. १६८७ साली एका कार्यक्रमात त्याने भरात दंड हाणला तो स्वतःच्याच पायावर. जखम चिघळली आणि त्यातच तो गेला. तात्पर्य त्यांनीच सांगितलं, "ताल द्या, पण आपटू नका." कार्यकारिणीच्या सर्व आजी-माजी अध्यक्षांनी याची नोंद घ्यावी.

आपल्याच मुंबईत परांजोती अकॅडमी कोरस म्हणून कॉयर आहे. व्हिक्टर परांजोती यांनी तो सुरू केला, आणि १९६७ पासून कुमी वाडिया यांनी त्याची धुरा घेतली. पन्नासहून अधिक वर्षं एका बाईंनी एक कॉयर सांभाळला. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एवढी वर्षं माणसं येत राहतात, जात राहतात, लग्न होऊन परगावी जातात, म्हातारी होतात, आणि तरी आवाज तोच राहतो. तो कसा राहतो, हे सोसायटी चालवणाऱ्यांनी विचारात घेण्यासारखं आहे. आपल्याकडे भजनाला पूर्वी वीस-पंचवीस जण असत. आज आम्ही पाच आहोत, आणि आमच्या पाचांच्या वयाची बेरीज काही मी इथे करत नाही.

आणि जगाच्या एका कोपऱ्यात एस्टोनिया नावाचा छोटा देश आहे. तिथे १८६९ पासून गाण्याचे मेळावे भरतात. सारा देश एका मैदानात येऊन गातो. रशियाच्या अमलाखाली असताना १९८८ च्या सुमाराला लोक लाखांनी जमून आपल्या भाषेतली गाणी म्हणायला लागले. त्या चळवळीचं नावच पडलं गाणारी क्रांती, आणि १९९१ साली तो देश स्वतंत्र झाला. नुसत्या गाण्याने झाला असं मी म्हणणार नाही. पण सव्वाशे वर्षं ज्यांना एकत्र गायची सवय होती, त्यांना वेळ आली तेव्हा एकत्र उभं राहायला शिकवावं लागलं नाही.

आता आपल्या घरात येऊ.

आपली जुनी चाळ इथल्या बऱ्याच जणांनी पाहिली आहे. तीन मजले, समोरासमोर गॅलऱ्या आणि मध्ये चौक. गणपती चौकात. आरती सुरू झाली की ज्यांना खाली उतरता येत नसे ते गॅलरीतून म्हणत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, बाळंतीण, तापाने पडलेला पोरगा, सगळे. वरचा आवाज खाली यायला किंचित उशीर होई आणि चौकातले लोक आपोआप त्यांच्यासाठी थांबत. कोणी हात हलवत नव्हतं, पण एकमेकांचं ऐकणं होतं. पुनर्विकास झाला, सोसायटी नोंदवली गेली, स्वतःचं न्हाणीघर आलं, लिफ्ट आली. त्या सुखाला नावं ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही. सामाईक संडासासमोर बादली घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस आहे मी.

पण घराला दार आलं आणि ते लागायलाही लागलं. आरतीला माणसं कमी झाली. आवाज भरेना, म्हणून काही वर्षांपूर्वी आरतीची रेकॉर्ड आणि मोठा स्पीकर आला. ज्यांनी आणला त्यांचा हेतू चांगलाच होता. आज काय होतं ते आपण पाहतो. स्पीकर म्हणतो आणि आपण टाळ्या वाजवतो. काही जण फोन वर धरून शूटिंग करतात. शेवटच्या कडव्यातला एक शब्द आपण पूर्वी तीन तऱ्हांनी म्हणायचो आणि त्यावरून प्रसादाच्या वेळी वाद घालायचो. आता तो वादही नाही, कारण म्हणतंच कोणी नाही.

"मग बिघडलं काय?" असं कोणी विचारील. रेकॉर्ड सुरेल आहे, वेळेत संपते, कोणाचा घसा बसत नाही. काय बिघडलं ते एका उदाहरणाने सांगतो. ज्यांचं उदाहरण आहे ते काका समोर खुर्चीवर बसले आहेत. त्यांची आणि काकूंची परवानगी घेऊनच बोलतो आहे.

काकांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात सावरला, पण वाचा गेली. सांगायचं असतं ते सगळं डोक्यात असतं, शब्द येत नाही. चहा हवा असला तरी खुणेने सांगतात. त्या वर्षी आमच्या पाचजणांच्या भजनाला काकू त्यांना चाकाच्या खुर्चीवरून घेऊन आल्या. सवयीप्रमाणे शेवटी गणपतीची आरती झाली, आणि काका गायले. शब्दांसकट. हळू, मागे पडत, पण गायले. काकू पेटीवर डोकं टेकून रडल्या.

हा चमत्कार नाही. डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितलं. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचं काम डाव्या बाजूला चालतं. तिथे इजा झाली की बोलणं जातं. पण लहानपणापासून पाठ असलेलं गाणं म्हणायला मेंदूची उजवी बाजूही मदतीला येते, म्हणून ज्याला बोलता येत नाही त्याला कधीकधी गाता येतं. यावर आधारलेली उपचारपद्धतीसुद्धा आहे.

पुढे गणपती आले. काका खाली आले. स्पीकर सुरू झाला. काकांनी तोंड उघडलं, एक ओळ धरली, आणि रेकॉर्ड पुढे निघून गेली. दुसरी ओळ धरायला गेले, तोवर तिसरी आली. मग त्यांनी तोंड मिटलं ते दहा दिवस मिटलेलंच राहिलं. गच्चीवर आम्ही त्यांच्यासाठी थांबत होतो. कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप थांबत होतो. स्पीकर थांबत नाही. त्याला कान नाहीत.

एवढंच बिघडलं आहे, मंडळी. पण ते एवढंसं नाही.

आता नातवाच्या प्रश्नाकडे येतो. बेस्टचा कंडक्टर काय करतो? गाडी तो चालवत नाही. तो मागे असतो. स्टॉपवर शेवटची म्हातारी पिशवी सावरत पायरीवर चढली, आत आली, दांडी धरली, हे पाहतो आणि मग डबल बेल देतो. पुढे जाण्याची सूचना मागून येते, शेवटच्या माणसाकडे पाहून. संमेलनात दोन दिवस जे शिकवलं त्याचं सार याहून वेगळं नव्हतं.

आणखी एक गोष्ट बोलायची आहे, ती जपून पण मोकळेपणाने. आपल्या दोन विंगमध्ये आज निम्मी घरं जुन्या चाळकऱ्यांची आहेत. बाकीच्या घरांत गुजराती, मारवाडी, दाक्षिणात्य कुटुंबं आली आहेत. पंचवीस वर्षं आपण एका पाण्याच्या टाकीचं पाणी पितो. पार्किंगवरून भांडायला आपल्याला एकमेकांची भाषा उत्तम येते. पण आरतीला हे शेजारी मागे उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि नवरात्रात त्यांच्या आरतीला आपण मागे उभे राहून टाळ्या वाजवतो. शब्द माहीत नाहीत एवढंच कारण. बी विंगमधल्या एका बेननी मला विचारलं होतं, "अंकल, आरतीचे शब्द लिहून द्याल? गुजरातीत?" मी त्यांना दिले. त्यांनी पाठ केले आणि आल्या, तर स्पीकरच्या आवाजात त्यांचं पाठांतर कोणाला ऐकूच आलं नाही.

म्हणून माझी सूचना आहे. ठराव नको, खर्च नाही, निविदा मागवायला नकोत.

एक, यंदा गणपतीत आरतीला स्पीकर बंद. नाचायला, कार्यक्रमाला, मुलांच्या स्पर्धेला खुशाल लावा. आरतीची दहा-पंधरा मिनिटं मात्र बंद.

दोन, गणपतीच्या आधीचे चार रविवार, संध्याकाळी साडेसहाला, गच्चीवर अर्धा तास सराव. शब्दांचे कागद मराठी, गुजराती आणि हिंदी अक्षरांत माझ्याकडून. कन्नड आणि तमिळ ज्यांना येतं त्यांनी ती बाजू घ्यावी. आपली आरती झाली की नवरात्रासाठी त्यांची 'जय आद्या शक्ती' आपण शिकू.

तीन, सूर सगळ्यांना झेपेल असा. पुरुष एकटे गातात तेव्हा साधारण काळी एक-दोनला बसतात, बायकांना काळी चार-पाच सोयीची. आपण एकाच चढ्या पट्टीत सुरू करतो आणि वरच्या ओळीला निम्मे लोक गप्प होतात. त्यांना गाता येत नाही असं नाही, त्यांना पट्टी मिळत नाही. चार रविवारांत आपण मधली पट्टी शोधून काढू. आणि लय पळवायची नाही. शेवटी घाईने रेल्वे पकडायची नाही आपल्याला.

चार, सगळ्यात महत्त्वाचं. पुढे उभं राहून हात दाखवायचं काम माझं नाही आणि आम्हा पाचांपैकी कोणाचंही नाही. ए विंगमधली अकरावीत शिकणारी आपली एक मुलगी शाळेच्या समूहगानात होती. तिचा कान चांगला आहे, आणि तिला लाज वाटते हेही मला ठाऊक आहे. मी तिला विचारलं आहे. ती म्हणाली, "आजोबा, मोठ्या माणसांना मी कसं सांगू?" मी म्हटलं, सांगू नकोस. हात वर कर आणि ऐक. तिच्याबरोबर दरवर्षी एक नवा मुलगा किंवा मुलगी उभी राहील, म्हणजे ती उद्या शिकायला बाहेरगावी गेली तरी खातं बंद पडणार नाही. बँकेत आम्ही याला नॉमिनेशन म्हणायचो. ते वेळेवर केलेलं बरं असतं. आमच्या वयाला तर फारच बरं.

काही जण म्हणतील, आम्हाला सूर नाही. मैदानातल्या मुलांनाही नव्हता. डावी-उजवीकडचा ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणा, बाकीचं शेजारी सांभाळून घेतील. काही जण म्हणतील, पहिल्या दिवशी फजिती होईल. होईल की! स्पीकर बंद झाल्यावर आधी शांतताच पसरेल, मग दोन-चार घाबरलेले आवाज येतील. तेवढा वेळ धीर धरायचा आणि परत बटणाकडे हात न्यायचा नाही, एवढीच कार्यकारिणीला विनंती.

पंचवीस वर्षांत आपण इमारत उभी केली, रंगवली, गळती थांबवली, मेंटेनन्स वेळेवर भरला. त्याबद्दल आजी-माजी सर्व पदाधिकाऱ्यांचे, वॉचमन बंधूंचे आणि सफाई करणाऱ्या ताईंचे मी मनापासून आभार मानतो. इमारतीला पुढच्या पंचवीस वर्षांत पुन्हा डागडुजी लागेल, त्याला फंड आहे. आवाजाला फंड नसतो. तो दर वर्षी वापरावा लागतो.

येत्या रविवारी साडेसहाला गच्चीवर या. खुर्च्या थोड्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी यावं. काका, तुमची खुर्ची पुढे ठेवली आहे. आम्ही थांबतो.